मॅडमकरिता सही

आमच्या मॅडम चिडल्या की 'छान' म्हणायच्या. नुसतं 'छान', पुढे काही नाही. नवीन आलेला माणूस खूश व्हायचा आणि आम्ही जुने लोक खाली मान घालून हसू दाबायचो. ते दिवस पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघण्याचे होते. सदाशिव पेठेत जिथे शिकवणीची पाटी होती तिथे एका रात्रीत सॉफ्टवेअरची लागली होती, आणि आमच्या सरकारी प्रयोगशाळेतही जो तो पडद्यावर रंगीत चौकोन दाखवायला शिकला होता. मॅडम सगळे चौकोन शांतपणे बघायच्या आणि शेवटी विचारायच्या, "हे वापरणार कोण? नाव सांगा." शेतकरी, असं कुणी म्हटलं की म्हणायच्या, "शेतकरी हे नाव नाही. कुठला? काय पिकवतो?" मग तो बिचारा पडद्याकडे बघत राहायचा.

मॅडम मोजमाप विभागाच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं होतो. त्यांचं घर धम्मदीक्षा घेतलेलं, वडील कारखान्यात फिटर. वडील वाचनालयातली यंत्रांची पुस्तकं आणून त्यातल्या आकृत्या वहीत उतरवून घ्यायचे आणि वस्तीतल्या मागेल त्या पोराला ती वही द्यायचे. मॅडमनी तोच धंदा पुढे चालवला. विभागात तयार झालेल्या प्रत्येक उपकरणाची आकृती त्यांच्या कपाटात खाकी पाकिटात असायची आणि जो मागेल त्याला मिळायची. एकदा मी म्हटलं, मॅडम, असं कुणालाही कसं देता? तर म्हणाल्या, "अरे, आमच्या कितीतरी पिढ्यांना 'हे तुमच्यासाठी नाही' एवढंच सांगितलं गेलं. ते वाक्य मी कुणाला ऐकवणार नाही. तुला ऐकवायचं असेल तर दुसरा विभाग बघ."

त्या पाकिटांतलं सगळ्यात उपयोगी पाकीट होतं ते धान्यातला ओलावा मोजायच्या यंत्राचं. व्यापारी चार दाणे दाताखाली धरायचा, 'ओलं आहे' म्हणायचा आणि भाव पाडायचा. मॅडमच्या डब्यात मूठभर सोयाबीन टाकलं की काटाच खरं काय ते सांगायचा. ते पाकीट घेऊन गेले होते शेखभाई. मंडईमागच्या गल्लीत त्यांचं तराजू दुरुस्तीचं दुकान, तीन पिढ्यांचं. पंधरा दिवसांनी ते परत आले आणि म्हणाले, "मॅडम, रागावू नका, पण ही वाटी पितळेची कशाला? ॲल्युमिनियमची जास्त बरी चालते, मी करून बघितली." मॅडमनी तिथल्या तिथे आकृती बदलली, कोपऱ्यात शेखभाईंचं नाव लिहिलं आणि शेखभाई ती यंत्रं बनवून शेतकऱ्यांना विकू लागले. पीएच.डी. झालेल्या आम्हा चौघांची नावं कुठेच नव्हती. आम्हाला ते लागलं, आणि लागावं हीच त्यांची इच्छा असणार.

मग युरोपातून भागीदारी आली. तिकडे धोरण ठरलं होतं की संशोधन एकट्या सरकारने करायचं नाही. सरकारी संस्था, विद्यापीठं आणि खाजगी कंपन्या यांनी एका टेबलाशी बसायचं, म्हणजे नवनिर्मिती आपोआप होते. त्या टेबलाशी त्यांना एक भारतीय प्रयोगशाळा हवी होती, ती आम्ही झालो. आणि एक भारतीय उद्योग हवा होता, ती झाली आमच्या संचालकांच्या ओळखीतली एक सॉफ्टवेअर कंपनी. ती आमच्या यंत्राला कॉम्प्युटर जोडणार होती. तिचा मॅनेजर पहिल्याच बैठकीत विचारता झाला, सोयाबीन जमिनीखाली येतं ना, शेंगदाण्यासारखं? मॅडम म्हणाल्या, "छान."

भागीदारीची अट एकच होती. यंत्राची आकृती यापुढे फक्त कंपनीची. बाहेर कुणाला द्यायची नाही आणि ज्यांना दिली असेल त्यांनी बनवणं थांबवायचं. त्यावर विभागप्रमुखांची संमती हवी होती. संचालकांनी मॅडमना समजावलं, "अहो, सरकार आपल्याला किती दिवस पोसणार? आता भागीदार शोधायला हवेत." मॅडम म्हणाल्या, "शोधलाय की. मंडईमागे बसतो." संमतिपत्र तसंच त्यांच्या टेबलावर पडून राहिलं.

संचालक हुशार होते. त्यांनी मॅडमनाच आठवडाभर ब्रसेल्सला परिषदेला पाठवलं, भागीदारीचं महत्त्व कळावं म्हणून. मॅडम दौऱ्यावर, म्हणून विभागाचा कार्यभार माझ्याकडे. तिसऱ्या दिवशी संचालकांनी मला बोलावलं. संमतिपत्र समोर ठेवलं. "मॅडम येईपर्यंत मुदत जाईल हो. आणि तुमची ती बेल्जियमची फेलोशिप, तीही याच प्रकल्पात आहे, नाही का?"

सरकारी कचेरीत एक सोय असते. साहेब जागेवर नसेल तर खालचा माणूस सही करतो आणि साहेबाच्या पदाआधी 'करिता' असं लिहितो. कागद पुढे जातो, कुणाचं काही अडत नाही. मी 'विभागप्रमुख' या शिक्क्याच्या डाव्या अंगाला 'करिता' लिहिलं आणि सही केली. पेन चांगलं चाललं. त्या लाचेला मी संधी म्हणत होतो, आणि संध्याकाळी घरी पेढे घेऊन गेलो.

मॅडम परतल्या त्या विभागाला चॉकलेटं घेऊन. ब्रसेल्सची हकिकत त्यांनी दोन वाक्यांत संपवली. "जोखीम सगळ्यांची आणि नफा ज्याचा त्याचा, एवढं सांगायला विमानाने नेलं. मी विचारलं, या भागीदारीत जनता कुठे बसते, तर म्हणाले, प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि जेवायची सुट्टी केली." सगळे हसले. मग मी फाइल पुढे केली. त्यांनी ती उभ्यानेच वाचली, पान उलटलं, पुन्हा सरळ केलं. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"शेखभाईंना मी जाऊन सांगते," एवढंच म्हणाल्या.

"मी येतो मॅडम. सही माझी आहे."

"आपण कशाला? आपण बेल्जियमची तयारी करा." सहा वर्षं त्या मला अरे-तुरे करत होत्या.

मी गेलो बेल्जियमला. वर्षभर अहवाल लिहिले. त्या अहवालांचा दर्जा असा की काहीही न घडता चाळीस पानं भरायची. कंपनीने एकही यंत्र बनवलं नाही. पुढे ती कुणीतरी विकत घेतली आणि तिथे आता परदेशी ग्राहकांचे फोन उचलतात. आकृती मात्र करारानुसार कुलपात. शेवटच्या अहवालात 'तंत्रज्ञानाचे उद्योगाकडे यशस्वी हस्तांतरण' हे वाक्य आहे, आणि ते माझं आहे. परीक्षकांनी आम्हाला उत्तम शेरा दिला. हल्ली मला युरोपातल्या भागीदारीच्या अनुभवावर बोलायला बोलावतात आणि मी जातो. शाल मिळते.

मॅडम निवृत्त होऊन वारज्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. मी दोनदा भेटायला गेलो. दोन्ही वेळा चहा मिळाला, बसायला चांगली खुर्ची मिळाली आणि हवापाण्याबद्दल बोलणं झालं. नंतर एके दिवशी त्या गेल्याचंच कळलं.

मला वाटलं, आता तरी शेखभाईंना भेटावं आणि सांगून टाकावं. दुकान तिथेच होतं, भिंतीला तेच काटे टांगलेले. शेखभाईंचे केस पांढरे झाले होते. मी मॅडमबद्दल सांगितलं. त्यांनी हातातली कानस बाजूला ठेवली.

"मी त्यांच्याशी वाईट वागलो, साहेब," ते म्हणाले. "त्या इथे आल्या होत्या, तुम्ही बसलात तिथेच बसल्या. म्हणाल्या, शेखभाई, यंत्र बंद करावं लागेल, कागदावर मी सही केली. मी विचारलं, कुणी जबरदस्ती केली का? नाही म्हणाल्या. मी विचारलं, मग कुणाच्या सांगण्यावरून? तर म्हणाल्या, माझ्या पदावर सही आहे, म्हणजे माझीच. मला राग आला हो. या बाईंनी माझं नाव घातलं आकृतीवर, आणि याच बाई मला विकून आल्या, असं वाटलं. नंतर दर ईदला त्यांचं पत्र यायचं. मी एकालाही उत्तर दिलं नाही."

बोलता बोलता त्यांनी चहा मागवला होता. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही तर तिथेच होता. का केली असेल हो त्यांनी सही?"

मी चहा प्यायलो. माहीत नाही म्हणालो आणि उठलो.