मिठाचा नवस

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी वाळायला लागले. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि मूळची गोरी मी काळवंडत चालले होते. तळहाताच्या रेषासुद्धा काळ्या. ताडकळसच्या बाजारात बायका कुजबुजायच्या. कुणी करणी म्हणे, कुणी पोटुशी. सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं!

आमच्या घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. आजाऱ्याला अळणी घालायचं, ही आमची रीत. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, तर त्यावर कळस केला. "हिला वाचीव, ही जन्मभर अळणी खाईल," असा नवसच बोलून टाकला. आणि मला तर रात्रंदिवस मीठच हवं असायचं. अळणी भाकरी सुरू झाली तसं मला उठून बसणंही होईना. आता काही आपण जगत नाही, हे मला कळून चुकलं होतं.

एका दुपारी मी रांगत मेंढवाड्यात गेले. तिथं मेंढ्यांसाठी दगडावर खडेमीठ टाकलेलं असायचं. मी ते चाटायला लागले. सासऱ्यांनी बघितलं आणि ओरडले, "लाज हाय का न्हाई? देवाचा नवस मोडायलीस!"

आत्याबाई धावत आल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मीठ पोटात गेल्यावर जरा वेळानं मी कुडाला न टेकता बसले होते.

"वरडू नगा," त्या म्हणाल्या. "मेंढी चाटती तवा तिला कुनी इचारतंय का? हिला पायजे म्हनून चाटायलीय." आणि आणखी एक खडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मोटारीनं मला परभणीला नेलं. डॉक्टरांनी माझ्या हिरड्या बघितल्या, तळहात बघितले आणि विचारलं, "मीठ खावंसं वाटतं का?" मला रडूच फुटलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी सुकल्यात, म्हणाले. हैदराबादहून गोळ्या मागवल्या आणि बजावलं, मीठ अजिबात तोडू नका.

माझी नात आता डॉक्टरकी शिकते. तिनं नीट समजावलं. मूत्रपिंडातल्या पेशींच्या पडद्यात प्रथिनांची बारीक दारं असतात, लघवीतून निघालेलं मीठ ती परत आत ओढतात. ग्रंथींचा हुकूम आला नाही, तर पुरेशी दारं उघडत नाहीत आणि मीठ वाहून जातं. म्हणजे घरचे मला मायेनंच मारत होते.

तेव्हा परभणीहून परत आल्यावर सासरे घाबरून म्हणाले, "आन् नवसाचं काय? देव कोपला तर?"

"देवाला अळनीच पायजे ना? मी खाते," आत्याबाई म्हणाल्या.

आणि खाल्लं त्या बाईनं, मरेपर्यंत. माझ्या मुलांच्या लग्नातसुद्धा. वाढपी लोणचं घेऊन आला की ताटावर आडवा हात धरून, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणायची, "मला नगं. माझ्या सुनंच्या वाटचं खायलेय मी."