सीनेच्या अल्याडची मोगलाई

गाव सोडलं तवा सीना गुडघाभर होती. डोक्यावर जातं घेऊन मी पुढं, बायको सारजा मागं. दुष्काळ होता, आन् नदीपार इंग्रजाच्या मुलखात खडी फोडायचं काम निघालतं. मधल्या धारेला निजामाची मोगलाई संपायची, पुढं साहेबाचं राज्य. सारजा धारेतच थांबली. "अवं, पाणी तर दोन्हीकडं सारखंच हाय की," म्हणाली. मी म्हणालो, चल, पाणी काय बघत बसतीस. आई काठावरून ओरडत होती, दोन महिन्यांत माघारी या. तीस वर्षं झाली.

इकडचे लोक आमाला मोगलाईवाले म्हणत. तिकडं तुमी भावकी मला साहेबाचा जावई म्हणायचा.

मग एका मोठ्या पुरात सीना सरकली. जुनं पात्र सोडून आपलं गाव आन् गायरान यांच्यामधून वाहायला लागली. गायरान आमच्या, साहेबाच्या काठाला आलं. दोन्ही सरकारांची माणसं आली, साखळ्या टाकून मोजलं, जुन्या पात्रात हद्दीचे दगड रोवले. नदी हलली, हद्द हलली न्हाई. मी जाता-येता बघत उभा राहायचो. एवढा निजाम, एवढा साहेब, आन् नदीनं दोघांनाबी न इचारता जमीन उचलून ठेवली.

औंदा श्रावणात सारजा गेली. लई दिवस एकच सांगायची, "मला आपल्या मातीत जाळा." नदी दुथडी भरलेली, पल्याड नेता येईना; पण आपलं गायरान अल्याडच होतं, तिथं न्यायचं ठरवलं. इथला पाटील म्हणाला, गायरान निजामाचं, परक्या मुलखात मढं न्यायचं तर तिकडची परवानगी आण. खांदेकरी दगडापाशी थांबले. तिरडी खाली ठेवली, आन् मी पाण्याशी जाऊन हाळ्या मारत राहिलो. दुपार कलली तवा पल्याड आपले पाटील आले, मागं तुमी सगळे. तोंडाला हात लावून ते ओरडले,

"इचारतो काय बे? जमीन आपली हाय, बाई आपली हाय. दे अग्नी."

तुमी त्या काठाला अंघोळी केल्या, आमी ह्या काठाला. मधी एवढं पाणी, पण धूर तुमच्याकडं गेला. ती गाव सोडून आलती, आन् गाव नदी ओलांडून तिच्यासाठी येऊन थांबलंतं. हे कुणी केलं, मला आजून कळत न्हाई. नुसता हात जोडतो.

तुमी निरोप धाडता, म्हातारा एकटा कशाला राहतो, घरी ये. मी येणार न्हाई. मी मरंन तवा नदी कोरडी असली, चालत नेता आलं, तरी मला पल्याड नेऊ नका. माझं घर अल्याड हाय, तिच्या शेजारी.