बाजारहत्नूरच्या तलावात चॅनेल सोळा

मंगळवारी सकाळी दहा चाळीसला बाजारहत्नूरजवळच्या एका तलावात नाव बंद पडली आणि सागरी रेडिओचे चॅनेल सोळा नऊ मिनिटे अडून राहिले. नावेत तिघे होतो: नावाडी किसन, तपासणी अधिकारी मॅडम आणि मी.

मी ही पाहणी बघायला आदल्या संध्याकाळी नेरडीगोंड्याहून जीपने आलो होतो. मुक्काम किसनच्या घरी. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी. नाव कोकणातल्या मासेमाराकडून जुनी घेतलेली. तिच्याबरोबर दोन रेडिओ आले. नावेच्या फेरीला मंजुरी मिळाली तर पलीकडच्या गावातल्या शाळकरी मुली पंधरा मिनिटांत शाळेत पोचणार होत्या. एरवी त्यांना दोन बस बदलाव्या लागतात.

मुआयन्याचा (पाहणीचा) कागद स्पष्ट होता. सोळावर फक्त हाक मारायची. मग किनाऱ्यावरच्याने दुसरे चॅनेल सांगायचे आणि दोघांनी तिकडे जायचे. संकटात सापडलेल्यासाठी सोळा मोकळे हवे.

तलावाच्या मध्यावर पंख्यात जाळे अडकले. किसनने सोळावर हाक मारली. किनाऱ्यावर, बंद पडलेली नाव ओढून आणणाऱ्या होडीजवळ, देविदास होते. त्यांची मुलगी किसनच्या घरी दिली आहे.

"राम राम इवाई (व्याही). जेवले का?"

"जेवलो. जाळं अडकलं. चॅनेल सांगा, ओव्हर."

"आमी कसं सांगाव? आमी मुलीकडचे. तुमाले इथून तिथं जा म्हनाव का?"

"कागदात तुमीच सांगाव असं लिवलंय ना!"

"कागदाले काय मालूम सोयरिक? तुमी म्हना, आमी येतो."

"काऊन लाजून राह्यले? म्या रागावत नाई."

"तुमी नाई रागावत. विहीनबाई?"

नाव पाण्यातल्या बाभळींकडे सरकत होती.

"कोई तो बोलो!" मॅडम म्हणाल्या. नवव्या मिनिटाला फांदी त्यांच्या फायलीला लागली. त्यांनी माइक घेतला. "बहत्तर. दोनों. अभी."

दोघे बहात्तरवर गेले.

"राम राम इवाई," देविदास म्हणाले. "घरी सगळे बरे?"

होडी अकरा वाजून दहा मिनिटांनी आली.

मॅडमनी काठावरच मंजुरी लिहिली. अट एक: दोन रेडिओंवरची माणसे एकमेकांची सोयरी नसावीत. किसन आणि देविदास यांनी जागा बदलाव्यात, असे मी सुचवले. "लिख दिया," त्या म्हणाल्या.

रेडिओ शिकलेली माणसे दोन्ही गावांत मिळून सहा. संध्याकाळी देविदासांच्या ओसरीवर नाती काढली. सहाही एकमेकांची सोयरी निघाली.

बुधवारी आणि गुरुवारी फेरी झाली. किनाऱ्यावर रेडिओवर मी होतो; मी कुणाचाच सोयरा नव्हतो. किसनची हाक आली की "बहात्तर" म्हणायचो. अकरा मुली वेळेवर शाळेत पोचल्या.

शुक्रवारी सकाळी मी नेरडीगोंड्याच्या जीपमध्ये बसलो. त्या दिवशी मुली बसने गेल्या.