मराठी उमटंना

पौडला तहसील कचेरीजवळ एका भाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या भाभी, तिथं लोकांचे अर्ज टाइप करून देतात. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स मी घालून दिलं होतं, फुकट, आणि फुकट घालून दिल्याचं चार लोकांना सांगितलंही होतं. कासार आंबोलीत राहायचं, हिंजवडीत नोकरी करायची आणि रविवारी तालुक्याचं भलं करायचं, असा माझा थाट होता.

अशाच एका रविवारी डिस्क भरली म्हणून मी साफसफाईला बसलो. यादीत चिनी, जपानी लिहिण्याची पॅकेजं, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, दिसले. पौडात चिनी अर्ज कोण देणार, असं म्हणत मी त्या सगळ्यांच्या मुळाशी असलेलं पॅकेजच काढायला घेतलं. एक काढलं की त्याच्या आधारावर चालणारी बाकीचीही जातात, आणि काय काय जाणार ते कॉम्प्युटर आधी दाखवतो. त्यात मराठी कीबोर्डही होता. मी न वाचताच होकार दिला. मग इंग्रजीत दोन शब्द टाइप करून पाहिले, उमटले, चहा घेतला आणि निघालो. मराठीत टाइप करून बघावं हे सुचलंच नाही, कारण मी कॉम्प्युटरवर मराठी कधी लिहीतच नाही.

सोमवारी दुपारी भाभींचा फोन आला. "दादा, मराठी उमटंना. मुठा गावच्या मावशी येऊन बसल्यात. हरकतीचा अर्ज द्यायचाय, आज शेवटचा दिवस हाय."

मी मीटिंगमधून वैतागून बाहेर आलो होतो. म्हणालो, "तुम्हीच काहीतरी दाबलं असेल."

"न्हाई ओ, मी कायबी न्हाई केलं."

"मग आपोआप झालं का, भाभी?"

फोन स्पीकरवर होता आणि भाई ऐकत होते, हे मला मागाहून कळलं. भाईंनी मावशींना गाडीवर बसवून दुसऱ्या दुकानात नेलं आणि अर्ज वेळेत गेला. पण भाभींना त्यांनी झेरॉक्स मशीनपाशी उभं केलं आणि कॉम्प्युटरवर कव्हर घातलं.

मंगळवारी मी गेलो. कधी काय काढलं याची नोंद मशीनमध्ये असतेच. रविवार सकाळ, माझीच कमांड. गेलेलं सगळं परत टाकायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

भाई मागंच उभे होते. "हिनंच केलं ना? म्या म्हटलं व्हतं, तुझं काम न्हाई हे."

मी केलं, एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो काय, तर "होतं असं कधीकधी. बसू द्या त्यांना परत." वर रदबदली केल्याचा मोठेपणाही पदरात पाडून घेतला. आज आठवलं तरी स्वतःची किळस येते.

भाभी वही-पेन घेऊन आल्या. सोमवारी ठामपणे नाही म्हणणारी ती बाई आता खाली बघून बोलत होती. "चुकलंच माझं. कुटली बटणं दाबायची न्हाईत, तेवढी लिहून द्या."

आणि मी लिहून दिली. वरच्या रांगेतली चार, मनाला येतील ती.

गेल्या महिन्यात झेरॉक्सला गेलो, तेव्हा भाभी आपल्या जावेला टायपिंग शिकवत होत्या. "ह्या चारांना हात लावायचा न्हाई," त्या सांगत होत्या, "माझ्याकडनं एकदा लई मोठी चूक झालीय." मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. झेरॉक्सचे पैसे दिले आणि निघालो.