सोपी केस
साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास आला, की मला शिरूरच्या वकीलबाईंची ती अरुंद खोली आठवते. दौंडमधले सगळे वकील सासऱ्यांच्या उठण्याबसण्यातले, म्हणून घटस्फोटासाठी मी एवढ्या दूरच्या वकीलबाई शोधल्या होत्या. माझ्याआधी एक बाई बसली होती, आणि पाटसच्या साखर कारखान्यातली पाळी संपवून थेट आलेला तिचा नवरा दारात उभा होता. तो वास त्याच्या शर्टाचा. "म्या सही करणार न्हाई," तो म्हणाला. "नका करू. तुम्हाला इचारलंय कुणी?" "घरी चल, मग काय बोलायचं ते बोल." "घरी ऐकून घेता व्हय तुम्ही?" वकीलबाई हसू दाबत म्हणाल्या, "आधी खाली जाऊन भांडून या." ती दोघं भांडतच जिना उतरली, आणि त्यांचे चढलेले आवाज ऐकताना माझ्या जिभेवर मत्सराची तुरट चव पसरत गेली. "तुमचे मिस्टर काय म्हणतात?" वकीलबाईंनी विचारलं. "सही कुठं करायची, एवढंच विचारलं त्यांनी." "मग तुमची केस सोपी आहे, ताई." मी वकीलपत्रावर सही केली. केस खरोखरच सोपी निघाली. तरी आजही रस्त्यात एखादं जोडपं भांडताना दिसलं, की माझी पावलं मंदावतात आणि मी त्या बाईकडे पाहत राहते.