पोटाचा बायपास

ऑपरेशन झालं की लोक महिनाभर चौकशी करतात आणि विसरतात. माझं मात्र कुणी विसरायला तयार नाही, कारण मी रोज सगळ्यांसमोर जेवायला बसते आणि बसले की काहीतरी घडतंच. एक सांगायला घेतलं की दुसरं आठवतं.

देवबागला आमचा लहानसा होमस्टे आहे. स्वयंपाक माझा, पर्यटकांना होडीतून फिरवायचं काम ह्यांचं, आणि दोघांवर नजर सासूबाईंची. शुगर आणि गुडघे हाताबाहेर गेले तेव्हा कोल्हापूरच्या डॉक्टरांनी वजनाचं ऑपरेशन करायला सांगितलं. पोट लहान केलं, आतडं वळवून जोडलं. त्यालाही ते बायपासच म्हणतात.

*

पहिला गोंधळ त्या शब्दानेच केला.

जामसंड्याहून ह्यांचे मामा आले ते पडलेल्या चेहऱ्याने. हळू आवाजात बोलत होते. मी पाण्याचा तांब्या उचलला तर तोही हातातून काढून घेतला.

"काळीज कसां आसा तुझां?"

"मामा, बायपास काळजाचा नाही. पोटाचा."

मामांनी माझ्या पोटाकडे निरखून पाहिलं. मग एकदम उजळले. "म्हणजे हायवेसारखां. जेवण गावात न शिरता भायल्या भायर जाता."

डॉक्टरांनी अर्धा तास चित्र काढून हेच समजावलं होतं.

*

सासूबाईंना मात्र काहीच पटलं नाही. माझ्या ताटात दोन चमचे मऊ भात आणि सुरमईचा एवढासा तुकडा बघून त्या म्हणाल्या, "मांजराक आम्ही ह्याच्यापेक्षा जास्त घालतंव."

मी जेवताना त्या समोर बसायच्या. प्रत्येक घास पुन्हा पुन्हा चावायचा असतो, तर त्यांचाही जबडा माझ्याबरोबर हलायचा. जेवताना पाणीसुद्धा प्यायचं नाही म्हटल्यावर त्यांनी ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, "त्या डॉक्टराचां आणि हिचां काय भांडाण झालां काय?"

*

एकदा पुण्याचं कुटुंब उतरलं होतं. आग्रह करून त्यांनी मला आपल्याबरोबर जेवायला बसवलं. मी चार घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने तोंडाकडे नेलेला तिसऱ्यांचा शिंपला खाली ठेवला.

"तुम्ही का नाही खात? काही प्रॉब्लेम आहे का जेवणात?"

मी ऑपरेशनचं सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. माझ्या बाजूला बसल्या, पानात सगळं वाढून घेतलं आणि शेवटच्या शितापर्यंत संपवलं. मग त्या बाईंना म्हणाल्या, "बघा. अजून जित्ती आसंय."

*

जेवणाचं एक वेळ निभतं. दुपारचे चार वाजले की खरं अवघड होतं. भूक नसते, पण जीव थाऱ्यावर राहत नाही. पूर्वी त्या वेळेला चहा, खारी, मग मूठभर काजू, असं चालायचं. आता हात रिकामे. फडताळ उघडते, बंद करते, परत उघडते. शेवटी मी बाहेर पडायला लागले. आमच्या गावाला एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र. खाडीवरून समुद्रावर, समुद्रावरून खाडीवर.

रापणीचं जाळं ओढणारे लोक किनाऱ्यावरून बघायचे. एके दिवशी त्यांच्यातल्या एकाने हाक मारली, "वहिनी, नुसत्या फेऱ्या कित्याक मारतंस? ये, रशी ओढ."

गेले. गुडघे दुखले नाहीत. जाळं वर आलं, आणि ओढणाऱ्यांचा वाटा असतो तसा माझाही निघाला. खाणं विसरायला बाहेर पडलेली बाई पदरात बांगडे घेऊन घरी आली.

*

कसालला लग्न होतं. सगळे जेवत होते आणि मला नुसतं बसवेना. ऑपरेशननंतर गोड बंद होतं, तरी एक जिलेबी उचलून खाल्ली. थोड्याच वेळात छाती धडधडायला लागली, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी. बायकांनी नवरीच्या खोलीत नेऊन झोपवलं. एका म्हातारीने माझा हात धरला, सैल झालेल्या पोटावरची साडी बघितली आणि विचारलं, "कितवो म्हयनो?"

मी पन्नाशी ओलांडलेली. दारात उभे असलेले हे खुर्ची शोधायला लागले.

*

लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या होडीत बसले नव्हते. मी विचारलं की हे म्हणायचे, आज भरती बरोबर नाही, आज इंजिन खोकतंय. माझ्या वजनाचा शब्द त्यांनी कधी काढला नाही. मग मीच विचारणं सोडलं.

परवा सकाळी पर्यटक होडीत बसत होते. हे मला म्हणाले, "डबो घे आणि चल."

खाडीतून समुद्रात गेलो. माझी खायची वेळ झाली. होडी उसळत होती, पहिलाच घास छातीशी अडकला. मी डबा मांडीवर टेकवला. ह्यांनी इंजिन बंद केलं.

तेवढ्यात लांब पाण्यात डॉल्फिनची पाठ दिसली. सगळ्या होड्या तिकडे सुटल्या. आमच्या होडीतले लोक उभे राहिले.

"अहो चला ना, जातील ते. इंजिन बिघडलं का?"

"नाही," हे म्हणाले. "बायको जेवतेय."

एकेक करत सगळे खाली बसले. मी घाईघाईने डब्याचं झाकण लावायला गेले, तर ह्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"सावकाश चाव गो."