फुग्याच्या गाडीची पूजा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पायलसमोर मात्र हा विषय काढू नका! लेकीच्या शाळेत जाऊन मी असा काही पराक्रम करून बसलेय, की आमच्या कुरुंदा गावात शाळेच्या रस्त्यानं जाताना अजून तोंडावर पदर घ्यावासा वाटतो.

पायल माझी सातवीतली पोरगी. शाळेत फुग्यावर चालणाऱ्या गाड्यांची स्पर्धा होती. ज्याची गाडी सगळ्यात लांब जाईल, तो हिंगोलीच्या विज्ञान प्रदर्शनाला जाणार. पायलनं पुठ्ठ्याची गाडी केली, बाटल्यांच्या झाकणांची चाकं लावली, मागं फुगा आणि फुग्याला नळी. आधी गाडी सारखी डावीकडंच पळायची. पोरीनं चाकं पुन्हा पुन्हा काढून बसवली. घरात दुसरा विषयच नव्हता. हिंगोली, हिंगोली आणि हिंगोली!

आता तुम्हीच सांगा, एवढी नवी कोरी गाडी आणि पूजा नाही? आमच्याकडं ट्रॅक्टर आला, तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवल्याशिवाय मी तो जागचा हलू दिला नव्हता. मग लेकीच्या गाडीनं काय पाप केलं होतं?

स्पर्धेला पालकांनाही बोलावलं होतं. पायल फुगा फुगवून, नळीवर बोट दाबून रेषेवर बसली आणि मी पिशवीतून ताट काढलं.

"थांब गं! पूजा व्हायची हाय."

"आई, काहून असं करून राहिलीस? सगळे बघून राहिले!"

"बघू दे की. नवी गाडी हाय!"

विज्ञानाचे सर भला माणूस. "करू द्या, पण लवकर आटपा ताई," म्हणाले. बाकीच्या बायांना तर चेवच आला. "लिंबू इसरू नका बरं!"

मी कशाला विसरतेय? पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, उदबत्ती ओवाळली.

फट्ट!

उदबत्ती फुग्याला लागली होती. कुणाचं तरी तान्हं लेकरू दचकून रडायला लागलं. पायलचं तोंड एवढंसं झालं.

गाडी अजून सुटलीच नव्हती, म्हणून सरांनी दुसरा फुगा लावू दिला. इथं तरी मी गप्प बसावं की नाही? पायलनं लिंबू काढायला हात घातला आणि मी ओरडले, "काढू नको! गाडीनंच चिरडावं लागतं!"

"आई, टॅक्टर डिझेलवर चालतो. ही हवेवर चालती!"

"अपशकुन व्हतो पोरी. सोड तू, जाती बराबर!"

सोडली. गाडी लिंबावर अडली, जागच्या जागी थरथरली, फुर्रर्र करून सगळी हवा गेली आणि आडवी झाली. पोरं पोट धरून हसत होती आणि मी हातात नारळ घेऊन उभी!

"ताई, तो घरीच फोडा," सर म्हणाले.

गाडी एकदाच सोडायची, असा नियम. पायलची मैत्रीण सानिया हिची गाडी पार भिंतीला जाऊन टेकली आणि हिंगोलीला तिचा नंबर लागला. पायल रडली नाही हो, रडली असती तर मला बरं वाटलं असतं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

शेवटी सरांनी एकेका मुलाला उभं करून विचारलं, "तुझ्या गाडीला अडथळा कशाचा झाला?"

सगळ्यांनी सांगितलं, "घर्षणाचा." सानियानंही तेच सांगितलं.

पायल उभी राहिली आणि तिनं सगळ्यांदेखत माझ्याकडं बोट केलं.

"अगदी बरोबर!" सर म्हणाले. त्या प्रश्नाचे पैकीच्या पैकी मार्क त्या दिवशी एकट्या पायललाच मिळाले.